समोर मीच बसलेला दिसतो: हे वेड, बाहेरचं, की मेंदूचं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. तुमचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. एकदा पहाटे त्याला असं वाटलं की आपण छतापाशी आहोत आणि खाली पलंगावर आपलाच देह पडलाय. पुढे दोनदा, अभ्यासिकेत भरदिवसा, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर तो स्वतःच बसलेला दिसला. त्याआधी पोटातून काहीतरी वर आल्यासारखं झालं, सगळा प्रकार मिनिटभरात संपला आणि नंतर तो बराच वेळ सुन्न होता. एका डॉक्टरांनी ताण म्हणून झोपेची गोळी दिली, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला. आजी म्हणतात, स्वतःचं रूप दिसलं म्हणजे दिवस भरले. चुलते देवऋषीकडे न्यायचं म्हणतात. आणि तुम्ही विचारताय की हे वेड, बाहेरचं, की मेंदूचं?

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे आणि माझ्या ओपीडीत फिट्सचे रुग्ण रोज असतात. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तेव्हा हे उत्तर तुमच्या लिहिण्यावरच बेतलेलं आहे. तरी एक गोष्ट ठामपणे सांगते. अभ्यासिकेतले ते दोन प्रसंग, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, मेंदूच्या एका भागापुरत्या येणाऱ्या फिट्स आहेत असं धरून चाला. पहाटेचा प्रसंग वेगळा असू शकतो आणि बहुधा निरुपद्रवी आहे. तिन्ही एकाच माळेत ओवू नका.

तुमच्या मजकुरावरून दिसतं की सगळ्यांनी त्याला 'कोण दिसलं, कसा दिसला, कपडे कोणते होते' हे विचारलंय. त्या वेळी 'तू' कुठे होतास, हे मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. माझ्या दृष्टीने निदान आणि धोका, दोन्ही याच एका उत्तरावर ठरतात. तो आपल्या खुर्चीत बसून समोरच्याकडे बघत होता? की समोरच्या खुर्चीतून स्वतःकडे बघत होता? की दोन्हीकडे आलटून पालटून होता? असं का विचारते ते सांगते.

'मी या देहात आहे' ही जाणीव आपल्याला इतकी गृहीत असते की ती मेंदूला सतत तयार करावी लागते हे आपल्या लक्षातही येत नाही. डोळ्यांना दिसणारं, त्वचेला लागणारा स्पर्श, सांधे आणि स्नायूंकडून येणारी हातापायांच्या स्थितीची खबर, आतल्या कानाकडून येणारी तोलाची खबर, आणि पोट, छाती, हृदयाचे ठोके यांची आतली जाणीव. पाच साक्षीदारांच्या जबान्या जुळवून पंचनामा लिहावा तसं मेंदू हे सगळं जुळवतो आणि निष्कर्ष काढतो की मी इथे आहे, हे शरीर माझं आहे, मी इथून बघतोय. हे जुळवण्याचं मोठं काम कानाच्या मागे-वर, जिथे मेंदूचे टेम्पोरल आणि पॅरायटल भाग भेटतात, तिथे चालतं. तिथे काही सेकंद जरी गडबड झाली तरी 'मी' आणि 'माझं शरीर' एकमेकांपासून सुटतात.

हे निरोगी माणसातही घडवून आणता येतं. १९९८ मध्ये बॉटव्हिनिक आणि कोहेन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवायचा, समोर टेबलावर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने पुष्कळ लोकांना रबरी हातच आपला वाटू लागतो. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने हेच अख्ख्या शरीरावर केलं. डोळ्यांवर पडद्याचा चष्मा, त्यात मागच्या कॅमेऱ्यातून येणारी स्वतःचीच पाठ समोर दिसतेय, आणि खऱ्या पाठीवर काठी फिरताना चित्रातल्या पाठीवरही ती तेव्हाच फिरताना दिसतेय. नंतर प्रयोगातल्या लोकांना डोळे झाकून थोडं मागे नेलं आणि 'मघाशी होतात तिथे जाऊन उभे राहा' म्हटलं, तर ते मूळ जागेच्या पुढे, त्या चित्रातल्या देहाच्या दिशेने सरकून उभे राहिले. यातलं कुणीही आजारी नव्हतं. हे तुमच्या भावाला जरूर सांगा. 'माझं डोकं फिरलंय' ही भीती त्याने निम्मी कमी होते.

आता प्रकारांकडे येते. माझ्या खोलीत एक रिकामी खुर्ची ठेवलेली असते. असा अनुभव सांगणाऱ्या रुग्णाला मी म्हणते, "ही खुर्ची म्हणजे तो. जिथे दिसला तिथे ठेवा, ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला फिरवा." माणूस बोलताना गोंधळतो, पण खुर्ची मात्र न अडखळता ठेवतो. मग विचारते की चेहरा दिसला की पाठ? कमरेपर्यंत दिसला की पूर्ण? तुम्ही उजवा हात हलवलात तर त्याने कुठला हलवला? तुम्ही मान वळवलीत तर तो नाहीसा झाला का? आणि शेवटी, "आता तुम्ही होतात त्या जागी जाऊन बसा." एक शिक्षिका या शेवटच्या वाक्यापाशी थबकल्या. आधी आपल्या खुर्चीत बसल्या, उठल्या, रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या, पुन्हा उठल्या आणि दोन खुर्च्यांच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगू? मला ठरवता येत नाही." माझ्यासाठी निदानाची दिशा तिथेच ठरली होती.

साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिलीत माणूस आपल्या देहातच असतो आणि समोर आरशातल्यासारखी आपली प्रतिमा दिसते, बहुतेकदा चेहरा आणि छातीपर्यंत, काही क्षण. ते चित्र आहे आणि मी इथेच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. इथे दोष बहुधा उजव्या बाजूच्या मागच्या, दृष्टीशी निगडित भागात सापडतो. अर्धशिशीत, फिट्समध्ये, कधी छोट्या पक्षाघातानंतर हे होतं.

दुसऱ्या तऱ्हेत 'मी' शरीराच्या वर किंवा बाहेर असतो आणि देह खाली दिसतो. हे बहुतांशी आडवं पडलेलं असतानाच होतं, ही गंमतीची नव्हे तर उपयोगाची गोष्ट आहे, कारण आडवं असताना तोल आणि सांध्यांकडून येणारी खबर मुळातच कमी असते. २००२ मध्ये जिनिव्हात एका स्त्रीच्या फिट्सवर शस्त्रक्रियेची तयारी चालू होती. फिट कुठून सुरू होते ते शोधायला कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवलेले होते. उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला तेव्हा तिला पलंगात रुतल्यासारखं, उंचावरून पडल्यासारखं वाटलं. प्रवाह वाढवल्यावर ती म्हणाली की मी वरून स्वतःला पलंगावर बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेखालचा भाग दिसतोय. पुन्हा दिला, पुन्हा तेच. आत्मा देह सोडून गेला असं ज्याला हजारो वर्षं म्हटलं गेलं, तो अनुभव मेंदूच्या एका बिंदूवर चालू-बंद होत होता.

तिसरी तऱ्हा या दोन्हींच्या मधली, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. दुसरा देह समोर असतो, पण 'मी' कोणत्या देहात हे ठरत नाही. क्षणात इथून, क्षणात तिथून. त्या दुसऱ्याबद्दल जवळीक वाटते, कधी राग येतो. ही मेंदूच्या डाव्या बाजूच्या, आतल्या जाणिवांशी जोडलेल्या भागातल्या बिघाडाशी निगडित आहे असं अलीकडच्या अभ्यासात दिसलंय. पोटातून वर येणारी लहर आणि असा तोतया, म्हणजे आपलाच दुसरा देह, एकत्र का येतात, हे त्यावरून समजतं. त्या भागात पोटाची, छातीची, हृदयाची आतली खबर पोचते.

काळजीचं कारण झुरिचच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णात आहे. २१ वर्षांचा तरुण, डाव्या टेम्पोरल भागात गाठ, त्यातून फिट्स. त्याने फिट्सच्या गोळ्या बंद केल्या, वर बिअर प्यायला. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठला, चक्कर आली, मागे वळून बघतो तर स्वतः अजून पलंगातच झोपलेला. कामाला उशीर होईल आणि हा उठत नाही म्हणून त्याला त्या झोपलेल्याचा राग आला. ओरडला, हलवलं, अंगावर उड्या मारल्या. त्याच वेळी मध्येच त्याला वाटे की झोपलेला मी आहे आणि हा उभा असलेला माझ्यावर वाकून मला हलवतोय. आपण नेमके कोण हे न कळण्याची भीती इतकी असह्य झाली की त्याने खिडकीतून उडी मारली. खाली मोठं झुडूप होतं म्हणून वाचला. नंतर गाठ काढली, फिट्स गेल्या, तो दुसराही गेला. नंतर त्याने काय सांगितलं ते लक्षात ठेवा. त्याला फक्त पुन्हा एक व्हायचं होतं.

हे तुम्हाला घाबरवायला लिहिलेलं नाही. अशी परिणती फार विरळा आहे. पण तुमच्या भावाने 'नक्की मी कोणता तेच कळेना' असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि त्या एका वाक्यामुळे मी तुम्हाला थांबा आणि बघा असं सांगणार नाही. तपासणी होईपर्यंत त्याला खोलीत एकटं ठेवू नका. वरच्या मजल्यावर, ग्रील नसलेल्या गॅलरीशेजारी राहत असेल तर खोली बदला किंवा घरी आणा. आणि त्याला थेट विचारा, "त्या वेळी यातून सुटायला काही करावंसं वाटलं का?" विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पहाटेच्या प्रसंगाबद्दल. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात त्यात मेंदू अंगाचे स्नायू ढिले करून ठेवतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. डोळे उघडे, खोली दिसतेय, अंग हलत नाही, छातीवर ओझं, कुणीतरी खोलीत आहे अशी खात्री, तरंगल्यासारखं वाटणं, वरून स्वतःला बघणं, हे सगळं त्यात येतं. सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांत २८ टक्के जणांनी आयुष्यात एकदा तरी हे अनुभवलेलं असतं. रात्री दोनपर्यंत अभ्यास, पहाटे पाचचा गजर, मध्ये चहा, उताणं झोपणं, असं असेल तर याला पूर्ण पोषक वातावरण आहे. त्याला विचारा की अंग हलवता येत होतं का? येत नव्हतं आणि बोट हललं तसं सगळं विरलं, असं म्हणाला तर पहाटेच्या प्रसंगाची चिंता सोडा. झोप नियमित झाली की बहुतेकांचं हे थांबतं. पण अपुरी झोप फिट्सही ओढून आणते, म्हणून दोन्ही बाजूंनी उपाय एकच.

अभ्यासिकेतला प्रसंग मात्र जागेपणी, बसलेला असताना, आधी पोटातली लहर, दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच, मिनिटभराचा आणि नंतर सुन्नपणा. फिट म्हटलं की आपल्याकडे हातपाय आपटणं आणि तोंडाला फेस एवढंच डोळ्यांसमोर येतं. टेम्पोरल भागाच्या फिट्स अशाच शांत असतात. हे आधी घडून गेलंय असं वाटणं, नसलेला वास येणं, एकटक बघत राहणं, ओठ चघळणं, बोटांनी शर्टाची बटणं चाळवणं. शेजारी बसणाऱ्या मित्राला नक्की विचारा. यातलं एकटक बघणं, ओठांच्या आणि बोटांच्या हालचाली भावाला स्वतःला बहुधा आठवणार नाहीत, मित्राने मात्र पाहिलेल्या असतील.

"ईईजी नॉर्मल आहे, म्हणजे फिट नाही" हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते बरोबर नाही. साधा ईईजी म्हणजे मेंदूच्या आयुष्यातला अर्ध्या तासाचा तुकडा. फिट्स असलेल्या कितीतरी लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. रात्री कमी झोपवून, झोपेतला भाग धरून पुन्हा करायला सांगा. त्याबरोबर एमआरआय, आणि चिठ्ठीवर फिट्ससाठीचा खास प्रोटोकॉल असं स्पष्ट लिहून घ्या. नेहमीच्या एमआरआयमध्ये टेम्पोरल भागातला बारीक डाग सुटू शकतो. आपल्या देशात आणखी एक कारण डोक्यात ठेवावं लागतं, ते म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांतून मेंदूत होणारी गाठ, ज्याला लोक 'मेंदूत किडा' म्हणतात. तरुणांतल्या फिट्सचं ते आपल्याकडे मोठं कारण आहे आणि त्यावर औषध आहे.

काय नसावं याबद्दलही थोडं. स्वतःचा तोतया दिसला म्हणजे स्किझोफ्रेनिया, हे समीकरण चूक आहे. त्यात सहसा आवाज ऐकू येतात, कुणीतरी कट करतंय अशी पक्की समजूत बसते, महिनोनमहिने वागणं बदलत जातं. तुमचा भाऊ स्वतःच 'हे खरं नव्हतं' म्हणतोय, घाबरून तुम्हाला सांगतोय, बाकी वेळ नेहमीसारखा आहे. दुसरी शक्यता ताणाची. तीव्र चिंतेत, पॅनिकमध्ये, गांजा ओढल्यावर माणसाला आपण काचेमागून जग बघतोय, हात आपले वाटत नाहीत असं होतं. पण त्यात समोर दुसरा देह सहसा दिसत नाही. गांजाचं न रागावता विचारा, खरं उत्तर मिळायला हवं. अर्धशिशी असेल, कानाच्या दोषाची चक्कर असेल तर तेही सांगा. तोल बिघडलेल्या रुग्णांमध्ये शरीराबाहेर गेल्याचे अनुभव इतरांपेक्षा जास्त आढळतात.

आता आजी आणि चुलते. आजींना खोटं पाडायला जाऊ नका. त्यांना नातवासाठी भीती वाटतेय. स्वतःचं रूप दिसणं म्हणजे मरणाची चाहूल, ही समजूत युरोपातही पिढ्यान् पिढ्या होती. त्याचं एक कारण असं असावं. ज्यांना असं दिसे त्यातल्या काहींच्या मेंदूत गाठ असे, तापाने मेंदूला सूज असे, आणि त्या काळी ती माणसं खरोखरच दगावत. आज गाठ वेळेवर सापडते. आजींना एवढंच म्हणा, "तुम्ही म्हणता तसं हे लक्षण दुर्लक्ष करण्यासारखं नाहीच, म्हणूनच दवाखान्यात नेतोय." माझ्या अनुभवात हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना आपल्या बाजूला आणतं.

मागे कुणीतरी उभं आहे, ही भावनाही घरात 'बाहेरचं' ठरते, म्हणून तेही सांगते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असाच प्रवाह दिला, तर तिला मागे एक सावलीसारखा माणूस जाणवला. ती झोपलेली तर तो तिच्याखाली झोपलेला, ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तो तिला मिठी मारून बसलेला. तिच्या हातात वाचायला कार्ड दिलं तर ती म्हणाली, त्याला ते हिसकावून घ्यायचंय. तो परका 'कुणीतरी' म्हणजे तिच्याच देहाची जागा चुकलेली जाणीव होती. पार्किन्सनच्या वृद्धांमध्ये हे पुष्कळ दिसतं. घरात कुणी आजोबा 'दाराआड कोण उभंय' विचारत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा.

देवऋषीकडे जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरी देवापुढे दिवा लावा, नवस बोला, त्याने काही बिघडत नाही. पण उपास घडवणं, रात्रभर जागवणं, धुरी देणं, मारहाण, यातली पहिली दोन तर फिट ओढूनच आणतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे चुलत्यांच्या कानावर घाला.

या आठवड्यात करायचं ते असं. न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या, मानसोपचार नंतर लागला तर जोडीने चालेल. भावाला तिन्ही प्रसंग वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा: किती वाजता, आदल्या रात्री किती झोप, बसलेला की आडवा, आधी काय जाणवलं, तो दुसरा कुठे होता, आणि मी कुठे होतो. कुणाशी चर्चा न करता लिहू दे, आपण सुचवलेले शब्द त्यात शिरतात. पुन्हा झालं तर मित्राने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, एका व्हिडिओवरून मला जे कळतं ते चार रिपोर्टांवरून कळत नाही. मोठी आकडी आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर अॅम्ब्युलन्स बोलवा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नको. निदान होईपर्यंत दुचाकी चालवायची नाही, विहिरीत-नदीत पोहायचं नाही, दारू नाही. झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल आणि रोज चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. तशी बंद केल्यानेही फिट येते. फिट्सचं औषध सुरू झालं आणि पहिल्या काही आठवड्यांत तो चिडचिडा किंवा उदास वाटू लागला तर लगेच डॉक्टरांना सांगा. काही औषधांनी तसं होतं, आणि पर्याय असतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की परीक्षेची तयारी सोडायला लावू का. नका. फिट्सवर औषधं घेत अभ्यास करणारे, नोकरीला लागलेले पुष्कळ जण माझ्याकडे येतात. हा अटेम्प्ट पुढे ढकलायचा का, एवढंच एमआरआय झाल्यावर ठरवा, आणि ठरवताना त्याला बाजूला ठेवून ठरवू नका. मध्यंतरी अभ्यासिका रात्रीची बंद, झोप किमान सात तास. पूर्वपरीक्षा किती दिवसांवर आहे यावर तो वाद घालेल, पण या एका बाबतीत ऐकू नका.